वर्ण : गव्हाळ

१० जानेवारी, शनिवार

टीव्ही आला. माझ्या पगारातून, माझ्या नावावर. त्याच्यासाठी शोकेस काढावा लागला. आतल्या काचेच्या बाहुल्या आता माळ्यावर.

बसवायला पगारे आले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. सुरू केल्याबरोबर घरात जत्रा शिरली. बातम्या देणारी बाई गुलाबी, तिच्या मागची झाडं पोपटी.

आई : अगं बाई, काय उठून दिसतंय!

मी म्हटलं, झाडं अशी नसतात.

"मॅडम, हा व्हिविड मोड. सगळे हाच ठेवतात."

"मला नको."

पगाऱ्यांनी वाद घातला नाही. रिमोट माझ्या हातात दिला. "मग बसा निवांत. एकच सांगतो. आधी काळं नीट करा. काळ्यातलं काळं वेगळं दिसलं पाहिजे. मग पांढरं. रंग सगळ्यात शेवटी."

वर्गात मी इतकं नेमकं क्वचित बोलते.

११ जानेवारी, रविवार

आत्या आली. स्थळ घेऊन. मुलगा निखिल, चौतीस वर्षांचा, जर्मनीत नोकरी. आईवडील घोटीला, भाताची गिरणी. येत्या रविवारी दोघं आपल्याकडे येणार. मुलगा तिकडून व्हिडिओ कॉलवर.

"तुमच्या त्या मोठ्या टीव्हीवरच घ्या त्याला," आत्या म्हणाली. "सगळ्यांना नीट दिसेल."

म्हणजे टीव्हीला काम मिळालं.

मुलाचा फोटो पाहिला. मागे बर्फ. चेहराही बर्फातलाच वाटला.

माझा बायोडेटा आत्यानं पंधरा दिवसांपूर्वीच पाठवला होता. मी आज वाचला. प्राजक्ता, एकतीस, एम. ए. मराठी, कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षिका. वर्ण : गव्हाळ.

"हे कुणी लिहिलं?"

आई म्हणाली, "असंच लिहितात."

आत्या म्हणाली, "अगं, गोरी लिहिलं तर खोटं. सावळी लिहिलं तर पुढचं कुणी वाचत नाही. गव्हाळ म्हणजे मधलं. जगात सगळ्या मुली गव्हाळच असतात."

सोबत स्टुडिओतला फोटो. त्यातली मुलगी माझ्या मावसबहिणीसारखी दिसते, मी थोडी तापात असताना ती मला दिसली असती तशी.

जाताना आत्यानं गाल ओढला. "नाव प्राजक्ता, रंग जांभळाचा!" बारशापासूनचा विनोद. ती तो प्रेमानं करते. म्हणूनच तीस वर्षं चालला.

१२ जानेवारी, सोमवार

कॉलेज सकाळचं. दुपार मोकळी. काळ्यापासून सुरुवात.

मखमलाबादच्या मामाच्या म्हशीचा फोटो मोबाइलमध्ये होता. तो पडद्यावर घेतला. व्हिविडमध्ये म्हैस नव्हतीच. दोन शिंगं लावलेलं एक भोक होतं. मोड बदलला. ब्राइटनेस एकेक घर वर नेला. आधी पाठीचा कणा आला. मग बरगड्या. मग मांडीवरची वाळलेल्या शेणाची पापडी. तिथं थांबले.

बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आता म्हैस झाली."

आई म्हणाली, "पाहुण्यांना म्हैस दाखवणार का?"

मेन्यूच्या तळाशी एक गोष्ट सापडली. त्वचेचा रंग 'सुधारण्याची' सोय. न विचारता चालू करून दिलेली. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ लावला, मी निवेदन करते आहे तो. सोय चालू : दोन छटा उजळ, नाकाच्या कडा पुसलेल्या. बंद : मी.

चालू, बंद, चालू. आई ओले हात घेऊन दारात उभी होती.

"राहू दे ना तसंच. किती छान दिसतेस."

बंद केलं. ती आत गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त.

१३ जाने., मंगळ

पांढरं. नमुना हवा म्हणून बाबांचा धुतलेला सदरा हँगरसकट टीव्हीशेजारी टांगला. पडदे उघडे, भर दुपार. पडद्यावर कोरं पांढरं पान. सदरा आणि पान एक होईपर्यंत रंग थंड करत नेला. तासभर लागला. दोन्ही एक झाले. समाधान.

मग माझा व्हिडिओ लावला. राख. ओठ जांभळे. बातम्यांतली बाईही तापातून उठलेली.

पुन्हा तपासलं. सदरा आणि पान एकच. मग माणसं का मेली?

बाबांना विचारलं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, डाव्याचा अजून आहे. एकेक डोळा झाकून त्यांनी पाहिलं.

"उजव्यानं निळं, डाव्यानं पिवळं. मला विचारू नको. माझ्याकडे दोन टीव्ही आहेत."

१४ जाने., संक्रांत

चूक सापडली. न्हाणीघरात.

आई बाबांचे सदरे पिळत होती. बादलीतलं पाणी निळं.

"तू नीळ घालतेस."

"मग? तीस वर्षं घालतेय. त्याशिवाय पांढरे राहतात का कपडे?"

दारात उभी राहून हसत सुटले. आईला वाटलं तिला हसते. अख्ख्या घराला पांढरं म्हणून जे ठाऊक आहे ते निळं आहे. मी टीव्ही निळीवर जुळवला होता. माझा चेहरा राख होणारच.

देव्हाऱ्यातला वातीचा कापूस घेतला. पडद्याशेजारी धरला. पान त्याच्याशी जुळवलं. दोन घरं उबदारकडे जावं लागलं. मग कापसाशेजारी सदरा धरला. आता उघड निळा.

"माझं धुणं निळं?" आई खरंच दुखावली. "चाळीत बायका विचारायला यायच्या, सदरे इतके पांढरे कसे."

"पांढरे नव्हते गं."

"त्यांना दिसायचे."

व्हिडिओ लावला. चेहरा आला. माझा. रोज आरशात असतो तो, मोठा. नाकाच्या शेंड्यावर उजेड, डोळ्यांखाली थोडं जास्त काळं.

संध्याकाळी तिळगूळ. काळी चंद्रकळा नेसले. आईनं पदर सारखा केला, "शोभतं तुला काळं."

१५ जाने., गुरु

गव्हाळ हा शब्द डोक्यातून जाईना. कोणता गहू?

डब्यातला लोकवन मूठभर घेतला. पालथा हात पडद्याशेजारी, पडद्यावर त्याच हाताचा फोटो, बोटांशेजारी गहू. लोकवन फार उजळ. खिरीसाठी ठेवलेला खपली काढला. तांबूस. जवळ येतो, पण नाही. तांदूळ, ज्वारी पाहिलेच नाहीत. मग वरच्या फळीवरचा नागलीचा, म्हणजे नाचणीचा, डबा. पापडांसाठी आणलेली, पेठकडची. ताटात ओतली, पालथा हात वर ठेवला आणि हात दिसेनासा झाला. दाणा कुठे संपतो, बोट कुठे सुरू होतं, कळेना.

बाबांना दाखवलं. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं त्यांनी. "जुळलं."

नवा बायोडेटा टाइप केला. एकच ओळ बदलली.

वर्ण : नागलीचा.

आत्याला पाठवला. अर्ध्या मिनिटात फोन.

"डोकं फिरलंय का तुझं? नागली काय? उद्या लिहिशील, उंची : ऊस!"

"पाठव तो त्यांना."

"मी नाही पाठवणार. ठरायच्या आधीच मोडायला बसलीस!"

मुलाच्या आईचा नंबर आत्यानंच कौतुकानं आईला दिला होता. त्यावर मीच पाठवला. खाली लिहिलं : आधीच्या कागदात वर्ण चुकला होता. दुरुस्त प्रत जोडली आहे.

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

१६ जाने., शुक्र

उत्तर नाही.

आई माझ्याशी बोलत नाही. बाबांमार्फत. "तिला सांगा, जेवायला वाढलंय." मी दोन हातांवर बसलेली.

जेवताना फुटली. चिडली की ती मखमलाबादची होते. "लय शहाणी झाली. आधीची दोन स्थळं का गेली, ठावं नाय का तुला?"

ठाऊक आहे. एकाची पत्रिका जुळली नाही. दुसऱ्याचं मन बदललं. दोन्ही वेळा आत्यानं खरं कारण नंतर सांगितलं. दोन्ही वेळा एकच.

"मग तिसऱ्यांदा तरी आधीच कळू दे त्यांना. येऊन बघून जाण्यापेक्षा."

"आधी माणूस तर बघू दे! मग रंग. एकदा बोलायला लागलीस की कुणाला रंग दिसत नाही तुझा."

"दिसायला काय हरकत आहे?"

आईनं ताट सरकवलं. आवाज खाली आला. "आमच्या वेळी संध्याकाळी दाखवायचे. पिवळा बल्ब लावून. मलाही तसंच दाखवलं. वहिनीनं बल्ब आधी पुसून घेतला होता. मी खाली मान घालून बसले, आणि देवाला म्हणत होते, लाइट जाऊ दे."

बाबा आमटी वाढून घेत होते. वर न बघता म्हणाले, "मी आदल्या दिवशी तुला पाहिलं होतं."

"कुठं?"

"पंचवटीत. भाजीबाजारात. भर दुपारी. मेथीच्या जुड्या लावून बसली होतीस. गिऱ्हाइकाशी भांडत होतीस."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

"मग बोलला का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

"बत्तीस वर्षं!" ती म्हणाली. "बत्तीस वर्षं मला वाटतंय, मी फसवलं तुम्हाला."

 आमटी गार झाली.

१७ जाने., शनि

मुलाच्या आईचा मेसेज, आईच्या मोबाइलवर. "उद्या अकराला पोचतो." बाकी काही नाही. नागलीचा उल्लेख नाही.

आत्या दुपारी गुलाबी साडी घेऊन आली. फिक्या रंगाची. "हिच्यात खुलशील."

"मी चंद्रकळा नेसणार."

"मुलगी दाखवायला काळी साडी? शुभ कार्याला?"

"रथसप्तमीपर्यंत संक्रांतच असते. तूच सांगतेस दर वर्षी, हळदीकुंकू लांबवताना."

आत्यानं आईकडे पाहिलं. आई कांदा चिरत होती. मान वर केली नाही, पण खांदे हलत होते. हसत होती बहुतेक. कांदाही असेल.

टीव्ही पुन्हा तपासला. म्हैस, कापूस, मी. तिन्ही ठीक.

१८ जाने., रविवार

आले. मुलाचे वडील कमी बोलणारे, रस्ता किती खणलाय एवढंच सांगितलं. त्याची आई ठेंगणी, जाड काचांचा चष्मा, पिशवीतून घरचा इंद्रायणी तांदूळ काढून माझ्या आईच्या हातात दिला. "आमच्या गिरणीचा." बसल्या आणि माझ्याकडे सरळ बघितलं. चहाच्या आधीच. मीही बघितलं.

लॅपटॉप जोडला. टीव्ही सुरू केला.

गुलाबी. सगळं गुलाबी. कुणीतरी व्हिविड केलं होतं.

निखिल पडद्यावर आला. तिकडे सकाळचे साडेसहा, खोलीत दिवा. बाहुल्यांच्या दुकानातला वाटत होता. कोपऱ्यातल्या चौकटीत आमची खोली, सोफ्यावर आम्ही. त्यात एक उजळ मुलगी काळ्या साडीत. साडीला घडी नाही, पोत नाही. एक भोक.

आत्या म्हणाली, "बघा, जोडा कसा दिसतो!"

मी उठले. रिमोट घेतला. "एक मिनिट."

"प्राजू," आत्या दातांतून म्हणाली, "बस."

मेन्यू उघडला. सगळ्यांसमोर, पाहुण्यांसमोर, जर्मनीसमोर. मोड बदलला. म्हशीचा आकडा पाठ होता. कापसाचाही. त्वचेची सोय बंद. मिनिटभर लागलं. 

मी कोपऱ्यातल्या चौकटीत परत आले. चंद्रकळेला घड्या आल्या. आणि मधला मोठा चेहरा उतरत गेला, उतरत गेला, आणि माझ्यापेक्षा एक छटा गडद होऊन थांबला.

मुलाची आई म्हणाली, "हां. हा आमचा निखिल."

बाबा मोठ्यानं हसले. हसायला नको होतं. पण मुलाचे वडीलही हसले. "फोटो घोटीच्या स्टुडिओत धुऊन उजळ केला होता," ते म्हणाले. आल्यापासूनचं त्यांचं ते दुसरं वाक्य.

पडद्यावरचा निखिल विचारत होता, "काय झालं? आवाज येतोय का माझा?"

आवाज येत होता.

मग त्याच्या आईनं कप खाली ठेवला. "कागद मिळाला तुझा. नागलीचा. खरं लिहिलंस, बरं वाटलं. आता मीही खरं सांगते. हा असा, त्याच्या बापावर गेलेला. म्हणून सून जरा उजळ पाहात होते. पुढच्या पिढीचं बघावं लागतं."

माझी आई खाली बघायला लागली. अंगठ्यानं फरशी घासत.

मी म्हटलं, "पुढच्या पिढीचं काय बघायचं असतं?"

"मुलगी झाली तर तिला त्रास नको."

"त्रास रंगाचा होत नाही. असं बसून बोलतात त्याचा होतो."

हे मी पडद्याकडे बघून म्हटलं. त्याला ऐकू गेलं होतं, चेहऱ्यावर दिसलं. रंग इतका नेमका लावलेला की कान लाल झालेले दिसले.

तो काही बोलला नाही. मी थांबले. पुरेशी थांबले. नाही बोलला.

"कळवतो," त्याचे वडील म्हणाले. फराळाच्या बशा तशाच.

१९ जाने., सोम

आत्याचा फोन आईला. पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. "हसं केलं पोरीनं. मी आता कुठलं स्थळ आणणार नाही." आई 'हो' म्हणत राहिली. ठेवताना म्हणाली, "ताई, चूक तिची नव्हती." आत्याला असं कुणी बोलत नाही.

मग माझ्याकडे वळली. "व्हिविड मी केलं होतं. पहाटे उठून."

मला आत्याच वाटली होती.

"तुला येतं ते?"

"बघून बघून आलं. तू इतकं चालू-बंद करत होतीस." थांबली. "बाबांनी ते बाजाराचं सांगितलं, तरी सकाळी उठले आणि हात गेला. भीती गेली नाही गं. काय करू?"

 तिच्या हातात रिमोट दिला. तिनं मालिका लावली. रंग तसेच राहू दिले.

२१ जाने., बुध

अकरावीला 'विशेषण' शिकवलं. फळ्यावर लिहिलं : गव्हाळ. विचारलं, कोणता गहू?  मागच्या बाकावरची सुरगाण्याची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं गहूच नाय."

दिवसभर पुरलं.

२२ जाने., गुरु

नि.चा मेसेज, थेट माझ्या नंबरवर. बायोडेटावरून घेतला असणार.

"त्या दिवशी मी बोललो नाही. बोलायला हवं होतं. तुमचं बरोबर होतं. एकदा फोन करू का? फक्त आपण दोघं."

तीनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे. शुद्धलेखनही.

आवडला का मला? चेहरा आवडला होता, खरा झाल्यावर. कान आवडले. हे इथं लिहून ठेवते, दुसरीकडे कबूल करणार नाही.

पण "फक्त आपण दोघं" यावर अडकले. आईच्या पिवळ्या बल्बाखालचंच झालं ते, झाकलेलं.

उत्तर दिलं नाही.

२३ जाने., शुक्र

दिलं.

"तुमच्या आई सगळ्यांसमोर बोलल्या. मीही. तुम्ही मला एकटीला काय सांगणार? जे सांगायचं ते त्यांना सांगा. मग फोन करा. नाही केलात तरी चालेल."

शेवटचं वाक्य दोनदा काढलं, दोनदा घातलं. ठेवलं.

बाबांना वाचून दाखवलं. डावा डोळा झाकून ऐकलं त्यांनी, सवयीनं. म्हणाले, "कडक आहे."

"जास्त?"

"नाही. कडक आहे म्हटलं."

२४ जाने., शनि

काही नाही.

२५ जाने., रथसप्तमी

दूध उतू घालवून झालं, आणि आईचा फोन वाजला. मुलाची आई. मी शेजारीच होते, आईनं स्पीकर लावला नाही. "हो... हो... कधी? ...एकट्या?" एवढंच.

ठेवला. गॅसजवळच बसली.

"काल निखिलनं घरी फोन केला होता म्हणे. दोन तास. काय बोलला ते सांगितलं नाही. उद्या येते म्हणाल्या. एकट्याच. घोटीहून बसनं. ताईला कळवू नका म्हणाल्या. तुझ्याशी बोलायचंय."

"रागात होत्या?"

"कळलं नाही. नाक चोंदल्यासारखा आवाज होता. सर्दी असेल, रडल्या असतील." मग, "मोडायला येतात की जोडायला?"

"येऊ दे."

"मी काय बोलू?"

"तुला वाटेल ते बोल. फक्त खाली बघू नकोस."

तिनं दूध पुसून काढलं. नेहमीचं यादी करणं सुरू झालं तिचं. "पोहे भिजवते सकाळी. वरून खोबरं—"

"पोहे नकोत."

"मग?"

"पोहे केले की मुलगी दाखवणं होतं. जेवायला थांबवू. भाकरी, भाजी, जे असेल ते."

आईनं विचार केला. हे तिला पटलं, असं दिसलं. पिशवी घेतली, चपला घातल्या. दारातून मागे वळली.

"आणि भांडायलाच आल्या असतील तर?"

"तरी जेवतील."

भाजी आणायला गेली.